सकाळचं विमान आम्हालाही हवं

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उडू लागली. तेव्हापासून त्याच्या भवितव्याविषयी जे बोललं जातं, त्यातलं एक मत मला सहन होत नाही. ते मत असं: हा मुंबईचा दुसरा, म्हणजे दुय्यम विमानतळ आहे. पैसेवाला प्रवासी वांद्रे, जुहू, अंधेरीत राहतो. तो नवा विमानतळ गाठायला उलव्याला कशाला जाईल? प्रवासी जाणार नाही म्हणून विमान कंपन्याही तिथे मनापासून जाणार नाहीत. तेव्हा या विमानतळाचा खरा उपयोग एकच. जुन्या विमानतळावर जागा अडवून बसलेली छोट्या गावांची छोटी विमानं तिकडे हलवावीत, उरल्यासुरल्या वेळांत बसवावीत आणि जुन्या ठिकाणच्या मोलाच्या वेळा मोठ्या विमानांना मोकळ्या करून द्याव्यात. छोट्या गावांची विमानं तशीही तोट्यातच चालतात, सरकारी अनुदान संपलं की बंद पडतात, मग त्यांच्यासाठी इतका विचार कशाला करायचा?

मुंबईत बसून कुणी असं म्हणतं, याचं मला नवल वाटत नाही. राग येतो तो आमच्याच वाशिम जिल्ह्यात त्याला मान डोलावली जाते तेव्हा. इथे ते मत एका वाक्यात सांगितलं जातं: "आपल्याले काय कराचं हाय त्या इमानतळाचं?" कचेरीत, बाजार समितीत, लग्नाच्या मांडवात, शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही हे वाक्य मी ऐकलं आहे. मुंबईकर म्हणतो, छोट्या गावांना शिल्लक राहील ते द्या. आणि छोट्या गावचा माणूस म्हणतो, आम्हाला ते शिल्लकही नको. दोघांचं एकमत झाल्यावर नुकसान कुणाचं होणार, हे सांगायला हवं का?

आधी विमान कंपन्यांचं पाहू. त्या येणार नाहीत, हे भाकीत पहिल्याच दिवशी खोटं ठरलं आहे. इंडिगो, एअर इंडिया एक्सप्रेस, अकासा आणि स्टार एअर या चार कंपन्यांनी सुरुवातीपासूनच तिथून उड्डाणं सुरू केली. त्या काही नवी मुंबईच्या प्रेमापोटी आल्या नाहीत. त्यांना जागा नव्हती म्हणून आल्या. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तासाला ४६ च्या आसपास विमानं उतरवायची आणि उडवायची, एवढीच तिची ताकद. तेवढ्यावर २०२४-२५ या वर्षात साडेपाच कोटींच्या आसपास प्रवाशांची ने-आण झाली. चारही बाजूंनी वस्तीनं वेढलेल्या त्या जागेत तिसरी धावपट्टी होऊ शकत नाही. आणि इकडे कंपन्यांनी काय करून ठेवलं आहे? एअर इंडियानं फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी नोंदवली. त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोनं ५०० विमानांची नोंदवली. जानेवारी २०२४ मध्ये अकासानं आणखी दीडशेंची. ही विमानं कुठे उतरणार? रात्री कुठे उभी राहणार? देशातल्या सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एका शहरात त्यांना एका तासाची वेळ मिळत नसेल, तर दुसऱ्या विमानतळाला नकार देणं त्यांना परवडेल का?

पैसेवाला प्रवासी जुहूतच राहतो, ही समजूतही जुन्या मुंबईची आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली, वाशी, खारघर, पनवेल इथे गेल्या तीस वर्षांत जी वस्ती वाढली, ती कुणाची आहे? १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या अटल सेतूमुळे शिवडीचा माणूस खाडी ओलांडून थेट चिर्ल्यापर्यंत येतो. पुण्याचा विमानतळ हवाई दलाचा, तिथे वाढीला मर्यादा; द्रुतगती मार्गावरून येणारा पुणेकर आधी पनवेललाच पोचतो. सिडको आणि अदानी समूहाच्या भागीदारीतल्या या विमानतळाचा पहिला टप्पा वर्षाला दोन कोटी प्रवाशांचा आहे, पुढे तो नऊ कोटींपर्यंत न्यायचा बेत आहे. एका धावपट्टीच्या, ३,७०० मीटर लांबीच्या या पहिल्या टप्प्यावर १९,६५० कोटी रुपये लागले आहेत. इतका पैसा घालणारे लोक छोट्या विमानांच्या गोदामासाठी घालत नाहीत.

शेजारचं उदाहरण गोव्याचं आहे. दाबोळी विमानतळ असताना मोपाला कोण जाईल, असं तिथेही म्हटलं जात होतं. दक्षिण गोव्याला मोपा दूर पडतो, हे खरंही होतं. ५ जानेवारी २०२३ रोजी मोपा सुरू झाला आणि वर्ष-दीड वर्षात दाबोळीची प्रवासीसंख्या खाली आली, मोपाची वर गेली. २०२४ मध्ये कतार एअरवेजसारखी कंपनी दाबोळी सोडून मोपाला गेली. नौदलाच्या ताब्यातल्या दाबोळीत हवी ती वेळ मिळत नव्हती, मोपाला मिळाली. विमान कंपनी वेळ पाहते. अंतर प्रवासी पाहतो, आणि तोही सोयीची वेळ मिळाली की जास्तीचं अंतर सोसतो.

याला उत्तर म्हणून मॉन्ट्रियलच्या मिराबेल विमानतळाचं नाव हमखास घेतलं जातं. कॅनडा सरकारनं प्रचंड जमीन घेऊन तो बांधला, १९७५ साली सुरू केला आणि २००४ साली तिथून प्रवासी विमानं कायमची बंद झाली. दुसरा विमानतळ फसतो याचा हा पुरावा म्हणून सांगितला जातो. पण तो कशामुळे फसला? परदेशी विमानं सक्तीनं मिराबेलला नेली आणि देशातली, छोट्या शहरांतून येणारी विमानं जुन्या डोरव्हालवरच ठेवली. छोट्या गावचा प्रवासी एका विमानतळावर उतरणार आणि पुढचं विमान पकडायला रस्त्यानं दुसऱ्या विमानतळावर जाणार. लोकांनी मॉन्ट्रियल सोडून टोरांटोचा रस्ता धरला. मिराबेलचा धडा असा आहे, की मोठी आणि छोटी विमानं एकाच छताखाली, जोडून घेता येतील अशा वेळांना असली पाहिजेत. छोट्या गावांना उरलेल्या वेळांत बसवा, असं सांगणाऱ्यांनी तो नीट वाचावा. सकाळी साडेआठला दिल्लीचं विमान असेल आणि अमरावतीचं विमान दुपारी तीनला पोचणार असेल, तर मिराबेलमध्ये जो रस्ता आडवा आला, तोच नवी मुंबईत घड्याळाच्या रूपानं येईल.

आणि खरा प्रश्न वेळेचाच आहे. विमानतळावर उतरण्या-उडण्याची जी ठरलेली वेळ असते, तिला स्लॉट म्हणतात. वर्षातून दोनदा वेळापत्रक बदलतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. ज्या कंपनीनं मिळालेल्या वेळांपैकी किमान ८० टक्के वेळा एका हंगामात वापरल्या, तिला पुढच्या वर्षी त्याच हंगामात त्याच वेळांवर पहिला हक्क मिळतो. जगभर जवळपास हाच नियम आहे. म्हणून जुन्या विमानतळावर सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळा वर्षानुवर्षं त्याच कंपन्यांच्या हाती राहिल्या, त्यांनी त्या दिल्ली, बंगळूर, हैदराबादला दिल्या, आणि नव्यानं आलेल्या कोल्हापूर, जळगाव, नांदेडच्या वाट्याला दुपारचे तुकडे आले. नव्या विमानतळावर ही पाटी आज कोरी आहे. सुरुवातीला तर तो दिवसाचे बाराच तास चालवायचं ठरलं होतं. म्हणजे पहिल्या दोन-चार हंगामांत ज्याला सकाळ मिळेल, त्याची ती पुढची वीस वर्षं राहील. आज आपण गप्प बसलो आणि पाच वर्षांनी मागायला गेलो, तर उत्तर ठरलेलं आहे: जागा नाही.

आता अमरावतीकडे या. बेलोऱ्याचा विमानतळ १६ एप्रिल २०२५ रोजी प्रवासी वाहतुकीसाठी खुला झाला. १,८५० मीटरची धावपट्टी. अलायन्स एअरचं ७२ आसनांचं एटीआर विमान मुंबईसाठी आठवड्यातून तीन दिवस सुरू झालं. कारंज्याहून बेलोरा तासा-सव्वा तासावर, मंगरुळपीरहून थोडं पुढे. आमच्या जिल्ह्याला इतक्या जवळ प्रवासी विमान प्रथमच आलं होतं. पण त्याची वेळ काय होती? मुंबईहून दुपारी निघायचं आणि अमरावतीहून संध्याकाळच्या सुमारास परतायचं. इथला माणूस त्या विमानानं मुंबईत पोचेपर्यंत मंत्रालय बंद, उच्च न्यायालय बंद, दवाखान्याची ओपीडी बंद. रात्रीचा मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी काम करा, आणि परतीचं विमान त्या दिवशी नाही, म्हणून आणखी एक मुक्काम. अशा वेळेला विमान देऊन नंतर आसनं किती भरली ते मोजायचं, आणि भरली नाहीत की म्हणायचं, बघा, विदर्भात प्रवासीच नाही! शाळा रात्री दोन वाजता भरवून पटसंख्या मोजली तर ती किती निघेल? सकाळी सातला अमरावतीहून निघून नऊच्या आत मुंबईत, आणि संध्याकाळी सातला मुंबईहून परत, असं रोजचं विमान वर्षभर चालवून बघा. मग आसनं मोजा. तो आकडा मी मान्य करीन, कितीही असो.

"वाशिमात विमानानं जाणारं आहे कोण?" हा प्रश्न विचारणाऱ्यांना मला उलट विचारायचं आहे, तुम्ही मोजलं कुठे? वाशिमचा प्रवासी नागपूरला जाऊन विमानात बसला की तो नागपूरचा प्रवासी. छत्रपती संभाजीनगरला गेला की तिथला. हैदराबादला गेला की तेलंगणाचा. २०११ च्या जनगणनेत जवळपास बारा लाख लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्याची विमान प्रवाशांची नोंद शून्य आहे, कारण नोंद होईल अशी जागाच इथे नाही. नदीवर पूल नाही म्हणून कुणी ओलांडताना दिसत नाही, यावरून पलीकडे कुणाला जायचंच नाही असं ठरवण्यासारखं हे आहे.

कोण जातं, ते मी सांगतो. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला मुंबईहून, गुजरातहून, दक्षिणेतून जैन भाविक येतात. त्यातले कितीतरी विमानानं एखाद्या मोठ्या शहरात उतरून पुढे तासन् तास गाडीनं येतात. मानोरा तालुक्यातली पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, आणि तेलंगणा, कर्नाटक, आंध्रातून माणसं तिथे येत असतात. कारंज्याला नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी दत्तभक्तांची रीघ वर्षभर असते. वाशिम ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, जुनं वत्सगुल्म. लोणारचं सरोवर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात असलं तरी आमच्या रिसोड-मालेगावहून जवळ. इथली शिकलेली मुलं ऐरोली, महापे, खारघर, पुणे इथे नोकऱ्या करतात. सणाला घरी यायचं तर त्यांच्या रजेचे दोन दिवस प्रवासातच जातात, म्हणून कितीतरी जण येतच नाहीत.

पण या सगळ्यांपेक्षा मला आजारी माणसाबद्दल बोलायचं आहे. पश्चिम विदर्भातून कर्करोगाच्या उपचारासाठी माणसं टाटा रुग्णालयात जातात. पूर्वी ती परळला जात, अजूनही जातात, पण टाटा स्मारक केंद्राचं मोठं केंद्र आता खारघरला आहे आणि प्रोटॉन उपचारही तिथेच सुरू झाले आहेत. खारघर नव्या विमानतळाला किती जवळ आहे, हे नकाशा उघडून पाहा. आज वाशिमचा पेशंट कसा जातो? आधी ऐंशी किलोमीटर अकोल्याला. तिथे रात्री फलाटावर अंबा एक्सप्रेसची वाट. रात्रभर प्रवास, पहाटे गर्दीत उतरणं, लोकल किंवा टॅक्सी, मग रांग. केमोथेरपी घेऊन अशक्त झालेला माणूस हाच प्रवास उलटा करतो, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा. विमान सगळ्यांना परवडणार नाही हे मला माहीत आहे, पण "गरिबाला विमान काय करायचं" हे वाक्य ज्यांना सहज सुचतं, त्यांनी पेशंटसाठी वाशिमहून मुंबईपर्यंत गाडी भाड्यानं केलेल्या घराला खर्च विचारावा. तो खर्च ते घर करतं, कारण आजार थांबत नाही. त्याच पैशात दोन माणसं दोन तासांत पोचत असतील, तर त्यांना तो पर्याय का असू नये? आणि ज्यांना रेल्वेच परवडते त्यांच्यासाठी रेल्वे आजच्यापेक्षा चांगली करा, हेही मी म्हणतोच. एका गरिबाची गैरसोय दाखवून दुसऱ्याची सोय नाकारायची, ही कसली कणव?

मग समृद्धी महामार्ग पुढे केला जातो. कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या आमच्या तालुक्यांतून तो जातो. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते मुंबईजवळच्या आमण्यापर्यंतचे ७०१ किलोमीटर सलग झाले. रस्ता चांगला आहे. त्याचा उपयोग आम्ही रोज करतो. पण रस्ता असला की विमान नको, हा नियम फक्त आम्हालाच का? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ पासून आहे, म्हणून पुण्याचा विमानतळ बंद करा असं कुणी म्हटलं? साठ वर्षांची बाई सात-आठ तास गाडीत बसून तपासणीला जाईल आणि त्याच रात्री परत येईल, असं कुणी गृहीत धरलं आहे? याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ च्या रात्री खासगी ट्रॅव्हल्सची बस पेटली आणि २५ माणसं जळून गेली. त्यांना रात्री प्रवास का करावा लागला? कारण इथून पुण्या-मुंबईला जाणाऱ्या माणसाला दिवस गमावायचा नसेल तर रात्र द्यावी लागते. समृद्धीचा खरा उपयोग विमानतळाला पूरक म्हणून आहे. आमच्या शेलूबाजारचा माणूस विमानतळ लवकर गाठू शकतो, तो या रस्त्यामुळेच. पण पश्चिमेला मुंबईला जायचं म्हणून पूर्वेला नागपूर गाठायचं आणि तिथून उलटं उडायचं, ही आजची रीत या रस्त्यानं संपलेली नाही.

तोट्याचा मुद्दा मी टाळणार नाही. उडान योजनेत केंद्र सरकार छोट्या मार्गांवरचा तोटा तीन वर्षं भरून देतं. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या चिपी विमानतळावरून मुंबईचं विमान ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबलं. तीन वर्षं संपली होती. नांदेडला एप्रिल २०१७ मध्ये, योजनेच्या पहिल्याच दिवशी, हैदराबादचं विमान उडालं. ते चालवणारी ट्रूजेट कंपनी पुढे बंद पडली. हे सगळं खरं आहे. पण ते कशाचा पुरावा आहे? ट्रूजेट सगळ्या मार्गांवर बंद पडली, फक्त नांदेडच्या नाही. हातात मोजकी विमानं असलेल्या कंपनीचं एक विमान नादुरुस्त झालं की चार गावांची उड्डाणं रद्द होतात, आणि दोनदा रद्द झालेलं विमान तिसऱ्यांदा कुणी भरवशानं आरक्षित करत नाही. शिवाय तीन वर्षं म्हणजे किती? समृद्धीसाठी ५५ हजार कोटींच्या आसपास लागले, अटल सेतूला १७,८४० कोटी. तीन वर्षांत नफा झाला नाही तर हे बंद करू, असं त्यांच्याबाबत कुणी म्हणालं का? मोठ्या शहराच्या कामात पैसा घातला की तो पायाभूत गुंतवणूक ठरतो आणि छोट्या गावाच्या कामात घातला की अनुदान! हिशेबाच्या या दोन वह्या कुणी केल्या?

आणि मोठ्या शहरांच्या विमान कंपन्यांना काहीच मिळत नाही, असंही नाही. महाराष्ट्राच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात विमानाच्या इंधनावरचा मूल्यवर्धित कर मुंबई, पुणे आणि रायगडसाठी २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. नवी मुंबईचा विमानतळ रायगड जिल्ह्यातच येतो. म्हणजे या विमानतळावर इंधन भरणाऱ्या प्रत्येक कंपनीला राज्याच्या तिजोरीतून सवलत मिळते आहे. त्या तिजोरीत वाशिमचा सोयाबीनवाला डिझेलच्या करातून भर घालतो. या सवलतीच्या बदल्यात राज्यानं कंपन्यांकडून काय मागितलं? दिवसाला दोन सकाळच्या फेऱ्या विदर्भाला द्या, इतकी साधी अटही का घातली गेली नाही? विमानतळाच्या कंपनीत २६ टक्के भाग सिडकोचा आहे. सिडको राज्य सरकारची आहे, एकट्या मुंबईकराची नाही. तिच्या खुर्चीतून वाशिमच्या वतीनं कुणी बोलणार की नाही?

ही जमीनही कुणा कंपनीची नव्हती. पनवेल-उरणच्या आगरी-कोळी शेतकऱ्यांची होती. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मारले गेले, त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं धोरण आलं. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव या विमानतळाला द्यावं म्हणून स्थानिक माणूस रस्त्यावर उतरला आणि विधिमंडळानं २०२२ मध्ये तसा ठरावही केला. त्या शेतकऱ्यांना आपली जागा मागून घ्यावी लागली. आपण मागतच नाही.

मागणं बेकायदा नाही, नवं तर मुळीच नाही. १९९४ पासून आपल्या देशात नियम आहे, की मुख्य मोठ्या मार्गांवर विमानं चालवणाऱ्या कंपनीनं आपल्या क्षमतेचा ठरावीक हिस्सा ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान अशा दूरच्या भागांना द्यावाच लागतो. ज्याला गर्दीच्या मार्गावर कमाई करायची आहे, त्यानं आडमार्गालाही सेवा द्यावी, हे तत्त्व तीस वर्षांपूर्वीच मान्य झालं. सिडनीच्या विमानतळावर तर गर्दीच्या तासांतल्या काही वेळा न्यू साउथ वेल्स राज्यातल्या छोट्या शहरांच्या विमानांसाठी राखून ठेवल्या आहेत. कोणतीही बडी कंपनी त्या मोठ्या मार्गांना वळवू शकत नाही. तिथल्या सरकारला हे कळतं, की राज्याच्या राजधानीचा विमानतळ हा संपूर्ण राज्याचा असतो. आपल्या सरकारला ते कळायला हरकत काय आहे?

"असं केलं तर प्रत्येक जिल्हा विमानतळ मागेल," ही भीती मात्र मी निम्मी मान्य करतो. वाशिमला स्वतंत्र विमानतळ व्हावा, असं मी म्हणत नाही. निवडणुकीच्या सभेत धावपट्टीची घोषणा करणाऱ्यांवर लोकांनी विश्वास ठेवू नये, असंच मी सांगेन. यवतमाळची धावपट्टी २००९ मध्ये राज्यातल्या आणखी चार विमानतळांसोबत ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं खासगी कंपनीला दिली गेली. यवतमाळकरांना त्यातून नियमित विमान मिळालं का? अकोल्याच्या शिवणी विमानतळाचं त्याहून वाईट. स्वातंत्र्याआधीपासून तो उभा आहे, १,४०० मीटरची धावपट्टी आहे, ती वाढवायची म्हणून जमिनीचा विषय वर्षानुवर्षं फायलीत फिरत आला आहे, आणि अकोल्यातून एकही नियमित विमान उडत नाही. अकोला, वाशिम, बुलढाणा या तीन जिल्ह्यांना मिळून एक विमानतळ पुरेसा आहे, तो शिवणी. कारंजा आणि मानोऱ्याला बेलोरा जवळ. बेलोऱ्यात एअर इंडियाची वर्षाला १८० वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था येते आहे. म्हणजे आमच्या आभाळात वैमानिक शिकणार, आणि शिकून दुसऱ्या शहरांची विमानं चालवणार. त्याच धावपट्टीवर इथल्या माणसासाठी रोज एक विमान उतरणं इतकं अवघड आहे का?

वाशिम हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. २०१८ मध्ये महाराष्ट्रातून असे चार निवडले: नंदुरबार, गडचिरोली, धाराशिव आणि आम्ही. मागासलेपणाच्या यादीत नाव घालताना दिल्लीला वाशिम नकाशावर बरोबर सापडलं. विमानाचं वेळापत्रक आखताना तोच नकाशा का हरवतो? १ जुलै १९९८ ला जिल्हा झाल्यापासून आम्ही रस्त्यासाठी थांबलो, मोठ्या रेल्वेमार्गासाठी थांबलो, आणि दर वेळी आम्हाला सांगितलं गेलं की आधी मोठ्यांचं होऊ द्या. या वेळी थांबण्याची किंमत वेगळी आहे, कारण या वेळा एकदा गेल्या की परत येत नाहीत.

म्हणून मागणी स्पष्ट शब्दांत लिहितो, आणि ती केवळ आमच्या खासदारांनी आणि तिन्ही आमदारांनीच नव्हे, तर अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशिम या पाचही जिल्ह्यांच्या सर्व लोकप्रतिनिधींनी एकत्र मांडावी. नवी मुंबईच्या विमानतळावर सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांतले ठरावीक स्लॉट राज्यांतर्गत विमानांसाठी राखून ठेवा, आणि ते दुसऱ्या मार्गाला वळवता येणार नाहीत असा लेखी नियम करा. बेलोऱ्याचं विमान रोज करा आणि ते सकाळी न्या, संध्याकाळी आणा. इंधनावरच्या सवलतीला ही अट जोडा. उडानची तीन वर्षं संपल्यावर पुढची सात वर्षं राज्यानं तो भार उचलावा. शिवणीच्या जमिनीचा निर्णय याच वर्षी करा. आणि येत्या ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी वेळापत्रक लागेल, तेव्हा त्यात अमरावतीच्या नावापुढे दुपारची वेळ लिहिलेली दिसली, तर ती कुणी लिहिली आणि कुणी लिहू दिली, हे आम्ही त्यांच्या दारात जाऊन विचारू.